खाचेतल्या अक्षता

राहनाळ,
ता. २६ नोव्हेंबर २००७

चि. सौ. मनाली हिस अनेक उत्तम आशीर्वाद.

इकडे सर्व ठीक. तुझ्या आईच्या पायाचं प्लास्टर अजून आहे आणि तोंड पूर्वीसारखंच चालू आहे. लेकीचं पहिलं बाळंतपण माहेरी झालं न्हाय, आता नातीचं बारसंबी बघायला मिलनार न्हाय, असं मला ऐकवते, जणू तिचा पाय मीच मोडला.

इंटरनेटची वायर गोदामाच्या माडीवरच्या ऑफिसपर्यंतच आहे. तिथे चढणं तिला शक्य नाही. म्हणून तिला बारसं खाटेवरून पडद्यावर तरी दिसावं, यासाठी मनोजरावांनी आपल्याला दिलेल्या जुन्या लॅपटॉपला बिनतारी नेट जोडायचं ठरवलं. ऑफिसातली पेटी बदलून घेतली. नव्या पेटीचं नेट अंगण ओलांडून आईच्या खाटेपर्यंत येईल, असं बसवणारा म्हणाला. पण ते नेट पकडायला मनोजरावांनी पाठवलेलं कार्ड लॅपटॉपच्या बाजूच्या खाचेत अर्धंच जातं. चुकीचं आलं असावं. जावईबापूंना वाईट वाटणार नाही अशा बेताने विचार.

बाळाला आजोबाचा गोड पापा.

तुझा,
बाबा

बंगळूर,
ता. १ डिसेंबर २००७

ती. बाबांना मनालीचा शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र मनोजनीच आधी वाचलं, त्यामुळे बेताने विचारायचं राहिलं. कार्ड बरोबर आहे, असं ते म्हणतात. आत काहीतरी अडकलंय, जोर लावू नका.

मला एक शंका आहे. दसऱ्याला तुम्ही ट्रकची, वजनकाट्याची पूजा करता. लॅपटॉप सुटला होता का? बॅटरी काढून खाचेत टॉर्च मारून बघा.

बारसं रविवारी, नऊ तारखेला आहे. इथे सगळे हौशी आहेत, पण आईचा पाळणा ऐकल्याशिवाय बाळाला पाळण्यात घालायला माझं मन होत नाही. तेवढं जमवाच.

लोभ आहेच, फक्त तो सगळा नातीकडे वळवू नका.

तुमची,
मनाली

राहनाळ,
ता. १० डिसेंबर २००७

चि. सौ. मनालीस आशीर्वाद.

तुझी शंका खरी निघाली. उदबत्तीच्या काडीने खाच कोरली, तर कुंकू लागलेल्या अक्षता बाहेर आल्या. दसऱ्याला मी मूठ जरा सढळ ठेवली होती. मनोजरावांची माफी माग.

कार्ड बसलं आणि काल तुम्ही आईच्या खाटेवर आलात. बाळ दिसल्यावर तिने लगेच पाळणा म्हणायला घेतला. मधेच आवाज थांबला, तेव्हा नेट गेलं का म्हणून तू विचारलंस. नेट गेलं नव्हतं, पोरी.

नाव ठेवून झाल्यावर तिकडे तुम्ही अक्षता टाकल्यात, तर इकडे हिनेही मूठभर घेऊन थेट पडद्यावर टाकल्या. मी घाईने बटणांवर दोन्ही हात पसरले. माझ्या हातांवर पडल्या तेवढ्या तिने वेचून कागदात बांधल्या. पडद्यातून पलीकडं जात न्हाईत ते मलाबी कलतं, पोस्टानं तर जातील, असं तिचं म्हणणं.

पुडी सोबत आहे. बाळाच्या डोक्यावर टाक आणि आजीने टाकल्या म्हणून सांग.

तुमचा लोभ असाच अंगण ओलांडून येत राहो.

तुझा,
बाबा