गिअरबॉक्स गेलेला नाही, आबा

आबा,

गेल्या सोमवारी सकाळी साडेदहा वाजता लोणावळ्यातल्या एका गॅरेजमध्ये तुमची जीप मेल्याचं जाहीर करण्यात आलं. "काकू, गिअरबॉक्स गेला," गॅरेजवाला बॉनेटला हातही न लावता म्हणाला. "भंगारात द्या." कशावरून, असं मी विचारलं, तर म्हणाला, "ते तुम्हाला सांगून कळायचं नाही. घरात कोणी मोठं माणूस असेल तर फोन लावून द्या." माझ्या घरातलं सगळ्यांत मोठं माणूस मीच आहे, असं मी त्याला सांगितलं. तरी त्यानं बिलाच्या वहीतून नंबर काढून माझ्यादेखत माझ्या मुलाला फोन लावला, आणि तुमचा नातू तिकडून म्हणाला, "बरंच झालं आई. आता तरी पुण्याला ये. इथे लिफ्ट आहे, बाल्कनी आहे. रविवारी तुला न्यायलाच येतो."

जीप गेली म्हणजे माझं घर गेलं, हे त्या दोघांना कळत नव्हतं, किंवा चांगलंच कळत होतं. कान्हे स्टेशनापासून डोंगराकडे आत जाणारा आपला रस्ता आहे तसाच आहे, आणि एसटी तिच्या मनात आलं तर येते. टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झाल्यापासून बाजार, दवाखाना, स्टेशन, सगळं मी या जीपवर करते. ती नसली की कुणाच्या तरी बाल्कनीत बसून जेवायची हाक येण्याची वाट बघायची. मला बाल्कनी आवडत नाही.

तिथे उभ्या उभ्या मला आपले रविवार आठवले. तुम्ही अंगणात पोतं अंथरून बसला आहात, पुढ्यात कुणाचा तरी उघडलेला गिअरबॉक्स आहे, आणि मी पायरीवर बसून तुम्ही देहूरोडच्या लष्करी डेपोतून आणलेलं दुरुस्तीचं इंग्रजी पुस्तक मोठ्यानं वाचते आहे. कॉन्व्हेंटच्या सिस्टरांनी कवितांसाठी घासूनपुसून दिलेले माझे उच्चार मी दात्यांच्या चाकांवर खर्च करते. एकेक वाक्य वाचायचं, मराठीत सांगायचं आणि तुमचं भाष्य ऐकायचं. "लिवणाऱ्यानं कदी नट खोलला व्हता का?" हे तुमचं ठरलेलं. एकदा मी नुसता पाना उचलला तर केवढ्यानं ओरडलात. "ठिव खाली! गिअरबॉक्स पोरींच्या हातात द्यायची वस्तू न्हाई. तू वाच." मी वाचलं. वर्षानुवर्षं वाचलं. पण कान काही तुम्ही बंद करायला सांगितले नव्हते. गिऱ्हाईक गिअरबॉक्सच्या नावानं रडत आलं की तुम्ही पहिल्यांदा काय करायचात, तेही मी ऐकत होते आणि बघत होते.

मी जीपमध्ये चढले. इंजिन बंद ठेवून एकेक गिअर टाकला. पहिला, दुसरा, तिसरा, चौथा, रिव्हर्स. सगळे गुमान बसले. मग इंजिन चालू करून क्लच पूर्ण दाबला आणि पुन्हा टाकायला गेले, तर कर्रर्र! "ऐकलंत?" मी गॅरेजवाल्याला म्हटलं. "गिअरबॉक्स गेला असता तर इंजिन बंद असतानाही कुरकुरला असता. क्लच इंजिनला सोडत नाहीये. गिअरबॉक्स बिचारा मधल्यामध्ये मार खातोय." तो हसला. "काकू, यूट्यूब बघता वाटतं?" मी इंजिन बंद केलं, पहिला गिअर टाकला आणि तसाच स्टार्टर मारला. जीपनं हिसका देऊन गॅरेजचं फाटक ओलांडलं. पुढे जुन्या हायवेनं, क्लचशिवाय, इंजिनाच्या आवाजावर गिअर जुळवत, एका गिऱ्हाइकाच्या गाडीची क्लचची केबल तुटली होती तेव्हा तुम्ही ती आणली होतीत तशी, मी जीप घरी आणली.

घरी तिच्याखाली शिरले. या वयात शिरणं सोपं, निघणं अवघड. क्लचचा खालचा सिलिंडर तेलानं ओला झाला होता. आतलं रबर गेलेलं. दुसऱ्या दिवशी दूधवाल्याच्या मागे बसून कामशेतहून नवं रबर आणलं आणि बसवलं. नळीचा नट निघत नव्हता तेव्हा मी तुमची ती शिवी दिली, जी सिस्टरांनी ऐकली असती तर मला शाळेतून काढलं असतं. नट निघाला. आता नळीतली हवा काढायला दुसरं माणूस हवं, म्हणून भातखाचरातून शेजारणीला हाक मारली. ती वर पेडलपाशी, मी खाली.

"दाब!"

"दाबलं!"

"धरून ठेव. मी सांगेपर्यंत सोडू नकोस."

"सोडलं!"

"अगं, कुणी सांगितलं?"

"तुमीच म्हनलात की सोडू म्हून! लय खवळता वो ताई. अशानं कोन ऱ्हाईल तुमच्या हाताखाली?"

अर्धा तास आम्ही भांडलो. मग वरून आवाज आला, "ताई, आता ह्ये माझा पाय उलटा ढकलतंय!"

हवा निघाली होती, पेडलमध्ये जोर आला होता. तो आवाज मला लता-आशांच्या वर वाटला, आबा.

गुरुवारी लोणावळ्याला गेले आणि गॅरेजच्या फाटकातून जीप रिव्हर्समध्ये आत घातली. क्लच जरा जरी अडकत असेल तर पहिला बोंबलतो तो रिव्हर्स, हे गॅरेजवाल्यालाही ठाऊक असणार. चूं नाही की चां नाही. त्याच्या टेबलापासून हातभर अंतरावर थांबवली. "कुठं करून आणलंत, काकू?" "घरी." "केलं कुणी?" "शेजारीण आणि मी." तो खाली वाकून बघत राहिला. मी तशीच समोर नेली, वळवली आणि पुन्हा एकदा रिव्हर्समध्ये आणली. गरज नव्हती. मजा येत होती.

मुलाला कळवलं आहे, मी कुठेही येत नाही. रविवारी यायचं तर जेवायला ये.

राहिलात तुम्ही. तुम्ही गेलात तिकडचं पत्र कुठल्या पेटीत टाकायचं ते मला माहीत नाही, तेव्हा हे इथेच, जीपच्या खणात राहील. म्हणून तुमची सुटका नाही. पोरींच्या हातांबद्दलचं ते वाक्य तुम्ही मागं घेतल्याचं उत्तर मला रविवारी सकाळी दहाच्या आत मिळालं पाहिजे. दहाच्या पुढे मी मुलाला आणायला स्टेशनवर निघते. उत्तर लेखी हवं. शाबासकी द्यायची झाली तर तीही लेखीच द्या. तोंडी दिलीत तर मला रडू येईल, आणि रडत रडत मला गाडी चालवता येत नाही.