सहा नंबरचा प्लग

रविवार, २ फेब्रुवारी

आलो एकदाचा. मुकुंदनगर, पहिला मजला, दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. स्वारगेटपासून चालत बारा मिनिटं, मी घड्याळ लावून पाहिली. शनिवार पेठेतली इमारत पाडून नवी बांधणार म्हणून आम्हां भाडेकरूंना उठवलं. सगळे हळहळले. मला खरं तर बरंच वाटलं, पण तसं कोणाला बोललो नाही.

मालकीणबाई कमरजहां शेख खालच्या मजल्यावर राहतात. उर्दू शाळेत तीस वर्षं गणित शिकवलेलं. करारावर सही व्हायच्या आधीच त्यांनी नियम सांगून टाकले: भिंतीला खिळा नाही, वायरिंगला हात नाही, आणि माझ्या घरी कोण येतं-जातं याची चौकशी त्या करणार नाहीत, त्यांच्या घरची मीही करू नये. बाई मला आवडल्या.

वायरिंगच्या नियमाची मला अडचण नाही. माझे सहा स्मार्ट प्लग सोबत आहेत. भिंतीतल्या सॉकेटमध्ये प्लग खुपसायचा, त्यात फ्रिज, टीव्ही, जे काय असेल ते. कुठली वस्तू किती वीज खाते ते फोनवर दिसतं, आणि फोनवरूनच ती बंदही करता येते. घर बदललं की काढून पिशवीत टाकायचे. भाडेकरूंसाठीच कोणीतरी हे शोधून काढलं असावं. प्रत्येकावर मी मार्करने नंबर घातलाय. कॉलेजच्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत चौतीस वर्षं मदतनीस होतो. रीडिंग घेतल्याशिवाय मला चैन पडत नाही.

पाच बसवले. सहावा झोपायच्या खोलीत खाटेजवळ रिकामाच लावून ठेवलाय, उन्हाळ्यात कूलरला होईल. माझ्या बायकोचा, उल्काचा, फोटो टांगता येत नाही म्हणून कपाटावर टेकवून ठेवला. तिला जाऊन आठ महिने झाले.

मंगळवार, ४ फेब्रुवारी

दोन दिवसांत तीन चोर पकडले. टीव्हीचा डबा ‘बंद’ असताना चौदा वॉट खातो. फ्रिजच्या दाराचं रबर सैल झाल्यामुळे तो दर वीस मिनिटांनी धापा टाकत सुरू होतो. गीझर तर मागच्या भाडेकरूने उकळत्या आकड्यावरच ठेवला होता, कोंबडी सोलायची असल्यासारखा. खालच्या बाईंना हे सगळं सांगितलं. त्यांनी आकडे वहीत उतरवून घेतले, माझी एक बेरीज चुकली होती ती दाखवली, आणि त्यांच्या टीव्हीसाठी एक प्लग कुठे मिळेल असं विचारलं.

जुन्या घरी मी ॲपमध्ये ‘बाहेर’ नावाचं एक बटण केलं होतं. जिना उतरताना ते दाबलं की सगळे प्लग एकदम बंद. इथे ते केलेलं नाही. करणारही नाही.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

दुपारी साडेतीनला फोनवर सहज पाहिलं तर सहा नंबरवर ३१० वॉट. सहा नंबरवर काहीही लावलेलं नाही. खोलीत जाऊन पाहिलं. प्लगचा हिरवा दिवा लागलेला, भोकं रिकामी. हात लावला तर कोमट. चार वाजून बारा मिनिटांनी आकडा एकदम शून्यावर आला.

मोजणीत दोष असणार. जुन्या वस्तू आहेत.

रविवार, ९ फेब्रुवारी

स्पृहा आली होती. हिंजवडीहून यायला पावणेदोन तास लागले पोरीला. येताना तेल, साखर आणि माझ्या बीपीच्या गोळ्या घेऊन आली. मी पोळ्या केल्या. तिने दीड खाल्ली. वजन उतरलंय. नोकरीत वरची जागा मिळत होती, ती घेतली नाही म्हणाली. का, विचारलं तर म्हणाली की जिला एक सिलिंडर वेळेवर पोचवता आला नाही तिने लोकांची कामं वेळेत करून घ्यायची म्हणजे थट्टाच झाली.

उल्का गेली त्या दिवशी तिचं ऑक्सिजनचं मशीन कमी पडेल की काय अशी भीती होती, म्हणून स्पृहा ऑफिसमधून निघून सिलिंडर आणणार होती. चारला पोचायची, ती सव्वापाचला आली. तोवर सगळं आटोपलं होतं. चारला आले असते तर आई असती, हे वाक्य ती आठ महिने म्हणतेय. आजही म्हणाली, भांडी घासता घासता, माझ्याकडे पाठ करून.

मी तिला म्हटलं, असं बोलू नये. त्यापुढे काही म्हटलं नाही. फार वाईट बाप आहे मी.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

पाच दिवस ओळीने रीडिंग घेतलं. साडेतीनला सुरू, चार बाराला बंद, दर वेळी ३१०च्या आसपास. आज पद्धतशीर तपासायचं ठरवलं. सहा नंबर काढून तिथे दोन नंबर लावला, तर दोन नंबरवर ३१०. सहा नंबर स्वयंपाकघरात लावला, तिथेही ३१०. प्लग बदलला, भिंत बदलली. बदललो नाही तो मी एकटा.

मग दोन्ही काढून टेबलाच्या खणात ठेवले. चार बाराला खणातून आवाज आला. पीं, पीं, पीं. सेकंदाला एक. वीज गेली की ऑक्सिजनचं मशीन ओरडतं तोच हा आवाज. मी ते मशीन जूनमध्येच दुकानदाराला परत केलंय. पावती आहे माझ्याकडे.

प्लग होता तिथे पुन्हा लावला. का, ते सांगता येत नाही. खणात टाकून ठेवणं बरं दिसेना.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

खालच्या बाईंनी जिन्यात थांबवलं. नियम मोडून विचारतेय, म्हणाल्या, पण घरात कोणी आजारी माणूस आणलंय का? त्यांच्या मिस्टरांना शेवटची दोन वर्षं ऑक्सिजन लावलेला होता. त्या मशीनची घरघर त्यांना झोपेतही ओळखू येईल. रोज दुपारी त्यांच्या छतातून ऐकू येते. भाडं वाढवणार नाही, पण माणूस आहे तर सांगायला हवं होतं, म्हणाल्या.

मी म्हटलं, टीव्ही असेल.

गणिताच्या बाई त्या, खोटं उत्तर लगेच कळतं.

म्हणजे आवाज फक्त माझ्या डोक्यात नाही.

शनिवार, १५ फेब्रुवारी

आज साडेतीनला घराबाहेर पडलो. स्वारगेटला जाऊन बसलो, सुटणाऱ्या गाड्यांच्या पाट्या वाचत. चार बाराला फोन थरथरला. ॲपमध्ये नोंद आली होती: ‘बाहेर’ दाबले, माधवचा फोन, सर्व प्लग बंद.

ते बटण इथे मी केलेलंच नाही. माधव मीच, आणि फोन माझ्या खिशात होता.

धावत परतलो. वाटेत दोनदा थांबावं लागलं, तरी बारा मिनिटांच्या वाटेला इतका वेळ कसा लागला ते कळत नाही. दार उघडलं तेव्हा चार बावन्न झाले होते. पीं पीं चालूच होती, मी खोलीत पाय टाकला तशी थांबली. बरोबर चाळीस मिनिटं. खाटेवरची चादर एका बाजूला ओढली गेली होती, कोणीतरी हात लांब करून दारापर्यंत पोचायला बघावं तशी.

पुन्हा तिला एकटं सोडून जाणार नाही. काय वाटेल ते होवो.

सोमवार, १७ फेब्रुवारी

रस्ता सापडला. चार बाराला प्लग बंद झाला की फोनवरून लगेच चालू करायचा. पीं पीं थांबते, घरघर पुन्हा सुरू होते. मग मिनिटा-दोन मिनिटांनी पुन्हा बंद, पुन्हा चालू करायचा. असं चार बावन्नपर्यंत. नंतर शांत.

मधल्या वेळात जेव्हा बंद असतो तेव्हा माझाही श्वास अडकतो. हवा असते, आत जात नाही. प्लग चालू केला की जाते. सकाळी डॉक्टरांना दाखवलं. बोटाला चिमटा लावून त्यांनी ऑक्सिजन अठ्ठ्याण्णव टक्के सांगितला, जागाबदल झालाय, फिरायला जात जा, म्हणाले.

उल्का, हे तू करतेस का? पण तू रागावलीस तर भांडी आदळायचीस आणि संध्याकाळपर्यंत विसरायचीस. हे तुझं नाही. हे माझं आहे.

मंगळवार, १८ फेब्रुवारी

लिहून टाकतो.

मशीन नेहमी थेट भिंतीत लावलेलं असायचं. त्या दिवशी साडेतीनला माझ्या मनात आलं, हे दिवसाला किती युनिट खातं ते एकदा बघू. सहा नंबर मोकळा होता. अर्ध्या मिनिटासाठी मशीन काढलं, प्लगमध्ये लावलं. उल्का हसली. नळी नाकात असताना हसली आणि म्हणाली, आता माझाही हिशोब लावा. आकडा ३१० आला. तिला दाखवला.

चारनंतर तिच्या गोळ्या आणायला निघालो. जिना उतरताना सवयीने ‘बाहेर’ दाबलं.

मशीन सहा नंबरवर आहे हे आठवलंच नाही. औषधाच्या दुकानात गर्दी होती. येताना तिला आवडतात म्हणून पेरू घेतले, भाव केला. चाळीस मिनिटं. परत आलो तर मशीन ओरडत होतं. ती दाराकडे तोंड करून, हात पुढे.

डॉक्टरांना फोन करायच्या आधी मी प्लग काढला आणि मशीन भिंतीत लावलं. सगळ्यांना सांगितलं की मशीन चालूच होतं, तिचीच वेळ भरली होती. सव्वापाचला स्पृहा सिलिंडर घेऊन जिना चढत आली, आणि मी तिला रडू दिलं, मला उशीर झाला म्हणून रडू दिलं.

उशीर तिचा नव्हता. सिलिंडर चारला आला असता तर दार उघडायलासुद्धा— नाही, चारला मी घरी होतो. चारला ती आली असती तर मी बाहेर पडलोच नसतो, असं म्हणून मी आठ महिने स्वतःला सोडवत आलोय. खोटं आहे ते. बटण मी दाबलं.

स्पृहाला सांगायचं. तोंडाने सांगायचं, वहीत नाही.

बुधवार, १९ फेब्रुवारी

स्पृहाला फोन केला. उद्या अर्धी रजा घेऊन येते म्हणाली. बाबा, बरे आहात ना, असं तीनदा विचारलं. पाचला ये म्हटलं. मुद्दामच पाच. चार बावन्नपर्यंत माझं हे चालणार, ते तिने ऐकू नये. आवाज ओळखेल ती.

शिवजयंतीचे ढोल होते खाली. ढोलांतूनही पीं पीं ऐकू येत होती. एकवीस वेळा चालू केला.

संध्याकाळी बाईंनी आठवण केली: उद्या गुरुवार, दुरुस्तीसाठी दहा ते चार वीज बंद.

चारला वीज परत येते. बारा मिनिटं हातात राहतात.

गुरुवार, २० फेब्रुवारी

सकाळी दहा. वीज गेली. फोन पूर्ण चार्ज केलाय. तिला काय सांगायचं ते म्हणून पाहिलं. दुसऱ्या वाक्याला अडकतो.

साडेतीन. प्लगचा दिवा बंद. घरघर नाही. पहिल्यांदाच नाही. सुटलो का?

बाई वर येऊन गेल्या. म्हणाल्या, चेहरा पांढरा पडलाय, खाली येऊन बसा. नको म्हटलं. इथून हलायचं नाही. मग बाई मुलाकडे कोंढव्याला निघाल्या.

चार. आली नाही वीज.

चार पाच. नाही. गल्लीत विचारलं खिडकीतून. एक जण म्हणाला, अजून अर्धा तास, केबल उघडीच आहे.

चार दहा. बाहेर जाऊ? जिन्यापर्यंत गेलो. नाही जमत. ती एकटी—

चार बारा. पीं पीं. प्लग मेलेला, दिवा नाही, तरी—
चालू करतोय. फोन म्हणतो, उपकरण सापडत नाही. पुन्हा. सापडत नाही.

श्वास—

खाटेवर बसलो. आडवा झालो. असंच झालं असेल तिला. दार दिसतं इथून. किती लांब दिसतं.

स्पृहाचा फोन. उचलला. आवाज फुटत नाही. तिकडे ती, बाबा, बाबा, वाकडला अडकलेय, ऐकू येतंय का, हे पीं पीं कसलं— ओळखलं तिने. रडतेय. म्हणते, मला पुन्हा उशीर—

नाही. नाही बाळा

बोलता येत नाही. लिहितो. स्पृहा, आधी अठरा तारखेचं पान वाच. आधी ते.
पाच मीच सांगितले. तू लवकर येऊ नयेस म्हणून मीच. आज तुझा उशीर नाही
त्या दिवशीही— तुझ्या आईला मी— उशीर तुझा न—