तुझ्या नावाची सेवा

सान बार्तोलो यालोवी,
२३ नोव्हेंबर

चिरंजीव फिदेन्सियो यास,

थोरल्या भावाचे, क्रिसोफोरोचे आशीर्वाद. प्रभुकृपेने येथे सर्वांच्या प्रकृती बऱ्या आहेत. कॉफीची तोडणी चालू आहे. देवळातील शास्त्रवाचन अजून माझ्याकडेच आहे. मात्र बारीक अक्षर आताशा दिसत नाही.

ग्रामसभेने तुला अध्यक्ष निवडल्याची वार्ता ओआहाका शहरात पोचली असेलच. अभिनंदन. त्या सभेत मी तुझ्याविरुद्ध बोललो, हे इतरांकडून कळण्यापूर्वी माझ्याकडून कळावे.

चिटणीसाने तुझ्या सेवेची यादी वाचली: प्रथम टोपिल, म्हणजे काठी घेऊन पहारा आणि निरोप, मग हवालदार, मग पंच, प्रत्येकी एक वर्ष. या पायऱ्या चढल्यावाचून आपल्याकडे कोणी अध्यक्ष होत नाही. मी उभा राहिलो. म्हणालो, "ही तिन्ही वर्षं मी राबलो. हा शहरात वकिली शिकत होता."

त्रान्सितोकाका हसले. "अरे बाबा, कोणाला ठाऊक नाही ते? गावात नसलेल्याच्या जागी कोणीही उभा राहतो. नाव त्याचं, सेवा त्याची."

"आणि घाम?"

"घामाचा रकाना नाही रे यादीत!"

सारी सभा खिदळली. पंचाच्या वर्षी मी पाण्याच्या बांधावर असताना माझी बायको सेनाइदा गेली. मूठमाती झाल्यावर घरी पोचलो. ते मात्र सभेत मला बोलता आले नाही. शास्त्रातला याकोब राहेलशी लग्न व्हावे म्हणून तिच्या बापाच्या, लाबानाच्या घरी चौदा वर्षे राबला; त्याला निदान राहेल तरी मिळाली.

तुझ्यावर रागवावे, तर आई "थोरला आहेस, सांभाळून घे" म्हणाली तेव्हा होकार मीच दिला होता. तू मात्र एकदाही विचारले नाहीस, की दादा, तुझी पाळी कधी?

ते त्रान्सितोकाकांनी विचारले. चिटणीसाने वही चाळली. माझ्या नावापुढे काहीच नव्हते. पाळी येई तेव्हा मी तुझ्या जागी उभा असे. ती पुढे ढकलली जाई, आणि अखेर विसरली गेली.

"म्हणजे म्हाताऱ्याची सेवा बाकीच की!" मागून कोणी ओरडले. "साठीनंतरची सूट पायऱ्या चढलेल्यांना!"

हात वर झाले. आपल्या चुलतभावांचेही.

तेव्हा एक जानेवारीस आपण पदभार घ्याल, त्या सकाळी कचेरीच्या दारात अडुसष्ट वर्षांचा नवा टोपिल उभा असेल. त्याच्या जागी दुसरा कोणी उभा करण्याची सूचना आपण कृपया करू नये. माझ्या नावाची ही पहिलीच सेवा आहे. ती मी स्वतः करीन.

अध्यक्षमहोदय,
आपल्या आज्ञेत,
टोपिल क्रिसोफोरो