बाबांच्या बरणीतलं हिरवं पाणी

तीर्थरूप ताईस,

धाकट्याचा नमस्कार. तुझी कंबर आता कशी आहे? भावजींचा खोकला थांबला का? (नसेल थांबला तर असू दे. घरात माणसाचा आवाज असलेला बरा. असं का म्हणतो ते पुढे येईलच.)

इकडे आम्ही खुशाल, म्हणजे गंजलेले पण खुशाल. बाबांची बरणी तू विसरली नसशील. तांब्याच्या पत्र्यावर रेघा काढायच्या, पत्रा त्या हिरव्या पाण्यात सोडायचा, उघडं तांबं पाणी खाऊन टाकतं, रेघांखालचं राहतं, की झाला सर्किटचा बोर्ड. ते पाणी फेकायचं नसतं. खाऊन खाऊन तपकिरी झालं की माशांच्या टाकीचा पंप लावून बुडबुडे सोडायचे, पुन्हा हिरवं. मधूनमधून चमचाभर आम्ल. बाबांनी एकवीस वर्षं तेच पाणी पोसलं आणि जाताना मला म्हणाले, "ओतू नकोस." माझ्याबद्दल चकार शब्द नाही, बरणीची मात्र काळजी!

महिन्याभरात पाणी काळवंडलं. मला वाटलं, भूक लागली. (बाबांची वही आधी वाचायची अक्कल असती तर मी तुझा भाऊ कशाला झालो असतो?) भांडंभर आम्ल ओतलं. त्या वाफांनी आठवड्यात घरातली कात्री, किल्ल्या, बिजागऱ्या, माझ्या चष्म्याचे स्क्रू आणि हिचं शिवणयंत्र, सगळं गंजलं. शिवणयंत्रावरून हिने जे ऐकवलं ते पत्रात मावणार नाही. मग वही उघडली. बाबांच्या अक्षरात पहिलंच वाक्य होतं, "तपकिरी झालं म्हणजे श्वास हवा. घाईने खायला घालू नये."

पण ताई, बरणीच्या बरोब्बर वर बाबांची पक्कड टांगलेली आहे ना, ती लखलखीत आहे. खिळा गंजून काळा पडला, पक्कड नाही. मी पुसत नाही. ही तर त्या खोलीत पाऊल टाकत नाही. आणि गेल्या सोमवारी पंप जळाला, नवा अजून आणलेला नाही. तरी पाणी हिरवंगार आहे आणि बुडबुडे येताहेत, सावकाश, म्हातारं माणूस दुपारी झोपल्यावर श्वास घेतं तसे. मी आता त्या खोलीत जाताना खाकरून जातो.

आता मुद्द्याचं. शाई संपली म्हणून बाबांनी तुझ्या लाल नेलपॉलिशने बोर्डावर रेघा काढल्या, तेही तुझ्या मैत्रिणीच्या लग्नाच्या दिवशी. ते भांडण वाढत कुठच्या कुठे गेलं, आणि नऊ वर्षं तू हा उंबरा ओलांडला नाहीस, ते होते तोवर तर नाहीच. परवा बरणीमागे तशाच लाल रंगाची नवी, सीलबंद बाटली सापडली. वर चिठ्ठी, "ताईची. कुणी हात लावू नये." मी लावला नाही. पण तेव्हापासून मी बोर्ड काढून वाळत ठेवला की तासाभरात त्याच्या कोपऱ्यात लाल ठिपका उमटतो, बोर्ड तपासून झाल्यावर बाबा द्यायचे तसा. आणि ती बाटली अर्धी झाली आहे. मला भीती वाटते, ताई. खोटं कशाला बोलू, थोडं बरंही वाटतं. आयुष्यात पहिल्यांदा माझे बोर्ड पास होताहेत.

ही म्हणते, रविवारपर्यंत एक तर बरणी राहील नाही तर मी. गटारात ओतायची सोय नाही (विषच ते, शिवाय पाइप खाईल), आणि बाबांचा शब्द मोडवत नाही. तेव्हा बरणी तू घेऊन जा.

तुझा,
धाकटा

ता. क. बरणी हे निमित्त. नको असेल तर नेऊ नकोस, पण ये. शेवटच्या आठवड्यात ते दाराकडे बघून विचारायचे, "आली का?" मी सांगायचो, "निघाली आहे." ते इतके आजारी आहेत हे मी तुला कळवलंच नव्हतं. आधी तू फोन करावास म्हणून अडून बसलो होतो. हे तुझ्या तोंडावर सांगायचं धाडस नव्हतं.

आणखी एक ता. क. हिने पत्र वाचलं आणि पोट धरून हसली. ठिपके तीच देत होती, म्हणे, माझा पडलेला चेहरा बघवेना म्हणून. पक्कडही तीच तेलाने पुसायची. तेव्हा वरचं सगळं विसर. मी अगदीच बावळट.

शेवटचा ता. क. आत्ता पुन्हा विचारलं. ठिपके तिने स्वतःच्या नेलपॉलिशने दिले. तुझ्या बाटलीचं बूच तिने कधी उघडलेलं नाही. ताई, मी आताच बघून आलो, तळाला थोडंसंच उरलं आहे. ते संपायच्या आत ये.