हिरोला अरे-तुरे

मंगळवार, ता. १४
सकाळी, चहा झाल्यावर

प्रिय बोलके,

अनेक आशीर्वाद. मी बरा आहे. गुडघे कुरकुरतात, पण त्यांचं म्हणणं मी फारसं मनावर घेत नाही. तू खिडकीत लावलेला वेल गज धरून वर चढलाय आणि आता शेजारच्या खिडकीत डोकावायला लागलाय. तुझ्याच वळणावर गेला म्हणायचा.

मायना सुचेना म्हणून बराच वेळ नुसता कागदाकडे बघत बसलो. शाळेत गुरुजींनी सगळे मायने घोकून घेतले होते. वडिलांना तीर्थरूप, धाकट्यांना चिरंजीव, परक्यांना सप्रेम नमस्कार विनंती विशेष. तुझ्यामाझ्यासाठी त्यात एकही नव्हता. शेवटी तू आमच्या घरात आलीस त्या आठवड्यात ठेवलेलं नावच घातलं. तेव्हा तू मुलांच्या कुठल्याशा कार्टूनमधल्या खारीला आवाज देत होतीस, आणि भांडी लावता लावता आमच्याशीही खारीसारखीच बोलायचीस. तुझ्या सासूबाईंना आधी वाटलं, मुलीच्या घशाला काही झालंय. त्यांनी गुळण्यांसाठी मिठाचं पाणी करून दिलं होतं.

तुझा निरोप मिळाला, तिकिटंही मिळाली. निरोपाची सुरुवात 'नमस्कार काका' अशी होती. वाचली. असो.

आवाजाच्या वर्गातल्या मुलांसमोर तुला बोलायचंय, की तू मराठीत आवाज दिलेला हा परभाषेतला हेरांचा मारधाडपट लोकांना विकला कसा आणि त्यातली माणसं दाखवली कशी. त्यासाठी माझं मत हवं, कारण 'तुमच्यासारखं बारीक कुणी बघत नाही'. जन्मभर चष्मे विकणाऱ्याला असं म्हणायचं म्हणजे हरभऱ्याच्या झाडावर चढवणंच झालं. चढलो. दुसरं तिकीट वाया जाऊ नये म्हणून शेजारच्या कंपाउंडरांना बरोबर घेतलं.

आधी पोस्टरबद्दल. चित्रपटगृहाच्या दारावर ते भिंतभर लावलंय. मधोमध हिरो, छातीवर जखम, पण केसाची बट जागच्या जागी. त्याच्या खांद्यामागे तुझी बाई (मी तिला तुझीच म्हणणार, चेहरा कुणाचाही असो). ती आपल्याकडे बघत नाही, त्याच्याकडे बघते. कोपऱ्यात धुरात खलनायक. त्याला लंगडा पाय आणि उत्तम कोट दिलाय. खलनायक नेहमी हिरोपेक्षा चांगले कपडे का घालतो, हे मुलांना विचार. सगळ्यात वर, ढगांत, हेरखात्याचा म्हातारा प्रमुख. आत पुठ्ठ्याचा एक हिरो उभा केला होता आणि त्याच्या चेहऱ्याच्या जागी भोक. त्यात तोंड घालून फोटो काढायचा. पुठ्ठ्याच्या बाईला भोक नव्हतं. तिच्या जागी जावं असं कुणाला वाटणारच नाही, हे त्यांनी गृहीत धरलेलं. कंपाउंडरांनी भोकात तोंड घातलं. त्यांचा फोटो सोबत पाठवतोय, हसू नकोस. हस.

आता ट्रेलर. तो कंपाउंडरांच्या फोनवर पाहिला. तुला माझी खोड माहीत आहे. काहीही ऐकलं की मनात लघु-गुरूच्या खुणा सुरू होतात. आमचे गुरुजी डस्टरनं टेबलावर ताल धरायचे आणि खडूची धूळ कवितेसारखी वर उडायची. ती धूळ अजून नाकात आहे. तर हा ट्रेलर म्हणजे ओळीनं सगळे लघु. स्फोट, काच, धाव, काच, स्फोट. यती कुठेच नाही, श्वास घ्यायला जागाच ठेवलेली नाही. मग लक्षात आलं, हीच करणाऱ्याची हुशारी. श्वास घेतला की माणूस विचार करतो, आणि विचार करणारा माणूस घरी बसतो.

सबंध ट्रेलरमध्ये एकच दीर्घ जागा होती, आणि ती तुझी. सगळा गोंगाट थांबतो. हिरो जमिनीवर पडलाय, बाई त्याच्या छातीवर कोसळते आणि तुझ्या आवाजात म्हणते, "अहो, मला सोडून जाऊ नका!" बस्स. बाईला ट्रेलरभर तेवढंच वाक्य.

"बिचारी," कंपाउंडर म्हणाले. "काय हो, हा तुमच्या सुनेचा आवाज ना?"

"हो," म्हणालो. व्याकरणाप्रमाणे 'होता' किंवा 'होती' असं काहीतरी म्हणायला हवं होतं. जीभ वळली नाही. कोर्टाचा कागद येऊन वर्ष होत आलं, पण माझी जीभ त्या कोर्टाच्या हद्दीत येत नाही.

मग सिनेमा. माणसं कशी दाखवली म्हणशील, तर यंत्रं सांभाळणारा जाडा असतो आणि तोच विनोद करतो. खलनायकाच्या माणसांना नावं नसतात, त्यामुळे ती मेली तरी कुणी रडत नाही. आणि म्हातारा असला की एक तर तो मरतो, नाहीतर गद्दार निघतो. मध्यंतरापर्यंत मी दोन्हींची मानसिक तयारी करून बसलो होतो. गद्दार निघाला, शत्रूला नकाशे विकणारा. कंपाउंडर माझ्याकडे असे बघायला लागले, जणू मीच नकाशे विकले.

पण तुझी बाई! पोस्टरनं जी मागे उभी केली, ती सिनेमात हिरोची वरिष्ठ अधिकारी आहे की! हुकूम तिचे, बेत तिचा, हा नुसता पळतो. आणि ते वाक्य कुठे येतं, तर सरहद्दीवरच्या चौकीत. दोघं नवरा-बायको असल्याचं सोंग घेऊन निघालेत. हा आजारी पडल्याचं नाटक करतो, ही त्याच्या अंगावर पडून टाहो फोडते, "अहो, मला सोडून जाऊ नका!" पहारेकऱ्याला दया येते, तो वाकतो, आणि पुढच्या क्षणी त्याची बंदूक हिच्या हातात. मग तू, अगदी कोरड्या आवाजात:

"ऊठ रे. झालं रडून."

अख्खं थिएटर हसलं. टाळ्या पडल्या.

"अहो, ही हिरोला अरे-तुरे करते!" कंपाउंडर जोरात म्हणाले.

मागच्या रांगेतल्या बाई पुढे वाकल्या. "मग? साहेब आहे ती त्याची. तुमच्या साहेबानं तुम्हाला कधी अहो-जाहो केलं होतं का?"

"पण बायको..."

"बायको नाटकातली, आजोबा. नीट बघा की जरा."

आमची रांग पुन्हा हसली. कंपाउंडरही हसले, पण थोडं उशिरा.

मला तू फोनवर सांगितलेलं स्टुडिओतलं भांडण आठवलं. मूळ भाषेत 'तू' आणि 'तुम्ही' एकाच शब्दात उरकतात, त्यामुळे बाईनं काय म्हणायचं ते आपल्यालाच ठरवायचं होतं. जाहिरातवाला म्हणाला, "हिरोला अरे-तुरे केलं तर लोक खुर्च्या फाडतील, बाई." तू म्हणालीस, "ती हुकूम देते. मग काय, 'आपण कृपया पळावं' असं म्हणू?" तो म्हणाला, "पोस्टरवर ती मागे उभी आहे." तू म्हणालीस, "मग पोस्टर बदला." पोस्टर काही बदललं नाही, पण तुझं 'तू' राहिलं. आणि खुर्च्या शाबूत आहेत, मी स्वतः बसून आलो.

मुलांना हेच सांग. जाहिरातीनं तिचं सोंग खरं म्हणून विकलं आणि तिचं खरं लपवलं. एवढा मोठा हेरपट, पण त्यातलं सगळ्यात मोठं गुपित एका 'अहो' आणि एका 'अरे'मध्ये आहे. ते आपल्या भाषेत आलं म्हणून उघड झालं, आणि ते आणलंस तू. मला फार अभिमान वाटला.

एक कबुली द्यायची आहे. त्यानंतर मी तो सिनेमा आणखी दोनदा पाहिला. पाहिला कसला, ऐकला. दुपारच्या खेळाला फारसं कुणी नसतं. कडेची खुर्ची धरायची आणि डोळे मिटून घ्यायचे. आजूबाजूला बॉम्ब फुटताहेत आणि मी आपला शांत बसलोय.

डोळ्यांच्या ऑपरेशननंतरचे दिवस आठवायचे. डोळ्यांवर पट्टी, आणि तू उशाशी माझं पाचवीचं फाटकं पुस्तक घेऊन बसलेली. कविता वाचायचीस, पण चाल चुकवायचीस. मी झोपेतूनही म्हणायचो, "अगं, चौथ्या अक्षराला थांब." तू म्हणायचीस, "बाबा, डॉक्टरांनी बोलायचं नाही सांगितलंय." सांगितलं काहीच नव्हतं. पण तुला अशा थापा शोभायच्या. सासूबाई गेल्यानंतरच्या महिन्यांत तू रोज रात्रीच्या जेवणाला मुद्दाम वाद उकरून काढायचीस, म्हणजे मी ताटावर बसून राहीन. तेव्हा कळलं नाही. आता कळतं. या सगळ्याचे आभार कुठल्या वृत्तात मानतात ते मला माहीत नाही, म्हणून गद्यातच मानतो.

आमचे चिरंजीव मजेत आहेत. रविवारी फोन करतात. तो माझा मुलगा आहे आणि राहील. तुम्हा दोघांचं का जमलं नाही, हे तुम्ही मला सांगितलं नाहीत आणि कुणाची बाजू घ्यायलाही लावलं नाहीत. याबद्दलही मी तुम्हा दोघांचा ऋणी आहे.

आता त्या 'काका'बद्दल. मघाशी 'असो' म्हणून पुढे गेलो, पण गाडी तिथेच अडलीय. तू भिडेखातर लिहिलंस हे मला कळतं. 'बाबा' म्हणायचा हक्क कागदाबरोबर गेला असं तुला वाटलं असेल. मी तीन रात्री त्या शब्दावर कूस बदलत होतो. मग सिनेमात तुझा आवाज ऐकला आणि वाटलं, शब्द निवडायची पाळी आली की न घाबरता निवडणारी ही मुलगी. तिला आपण सरळ विचारावं.

आई गेली, ताई गेली, शाळेतला बाकावरचा सोबती मागच्या थंडीत गेला. मला 'अरे' म्हणणारं माणूस आता या जगात उरलेलं नाही. तुझ्या सासूबाई 'अहो' म्हणायच्या. चिरंजीव 'अहो बाबा' म्हणतो. दुकानात 'शेठ', इमारतीत 'आजोबा'. सगळे मान देतात. मानानं माणूस उभा राहतो, पण उबेला कुणीतरी अरे म्हणावं लागतं.

सून सासऱ्याला 'तुम्ही' म्हणते. ते नातं कागदावर संपलं, तेव्हा ते 'तुम्ही'ही संपलं असं धर. लेक बापाला काय म्हणते ते तुला ठाऊक आहे, तुझ्या वडिलांना तू तेच म्हणायचीस, मी ऐकलंय. आधी जीभ अडखळेल. अडखळू दे. तुझ्या मनाला पटलं नाही, तर 'काका'च लिही. मी त्यालाही ओ देईन, आणि तुझ्याबद्दलची माया एका मात्रेनंही कमी होणार नाही.

भाषण छान कर. आवाज जप, गार पाणी पिऊ नकोस. सही करताना सवयीनं 'तुझे' लिहायला हात वळला होता, तो आवरला.

तुझा
बाबा