उजवा हात कोरडा

मंगळवार, सेंट मायकेलच्या सणानंतरचा, सन १३९४

प्रिय फर्खर,

आज सकाळपासून ऊन आहे. ओटची कापणी संपली. तांबडी गाय व्याली, कालवड झाली. माझं बाळही दूध नीट पितं. बाबांचा खोकला कसा आहे? छातीला लोकर बांधून निजत जा म्हणावं. तू पाद्री झालास तरी मला धाकटाच, म्हणून आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. वरचं कुरण दोन्ही कुळांनी अर्धं अर्धं घ्यायचं, आणि पूर्वी ठरलं होतं तसा माझा मुलगा सातव्या वर्षी तोर्किलदादाकडे वाढायला पाठवायचा, म्हणजे वैर मिटेल, असं तू लिहितोस. ते कुरण बाबांनी मला लग्नात दिलं होतं. तेच परत घ्यायला आपली माणसं कुऱ्हाडी घेऊन आली.

सासूबाई फार बोलत नाहीत. परवा जेवताना म्हणाल्या, "तुझ्या माहेरच्यांचा नेम चांगला हो. एका घावात काम."

मी म्हटलं, "घरची लाकडं तोर्किलदादाच फोडायचा."

त्यांनी मला आणखी कालवण वाढलं.

माझ्या नवऱ्याच्या, इव्हरच्या शेजारी जो लढत होता, त्याने मला सगळं सांगितलं. नदीच्या उतारावर समोर तोर्किल आला, तेव्हा इव्हरने कुऱ्हाड खाली केली. हसत म्हणाला, "मेव्हण्या, माझं पोर तू वाढवणार. तुझ्यावर हत्यार कसं उचलू? दुसरा कोणी पाठव."

तोर्किल म्हणाला, "पोर होऊ तर दे." आणि घाव घातला.

मला तेव्हा आठवा महिना होता. तोर्किलला ते माहीत होतं.

तह मला मान्य आहे. मुलगा पाठवीन. रविवारी बाप्तिस्मा द्यायला तूच ये. मात्र त्याचा उजवा हात मी कापडात गुंडाळून बाहेर धरीन, त्यावर पाणी पडता कामा नये. इकडची कितीतरी मुलं अशीच वाढली आहेत. तो हात देवाला दिलेला नसतो. त्याने केलेल्या कामाचा जाब मुलाच्या आत्म्याला द्यावा लागत नाही. एक थेंब जरी पडला, तरी तह मोडला असं समज. मग इकडचे दीर आणि चुलते हिवाळ्याआधीच निघतील, आणि बाबांनाही सोडणार नाहीत.

तोर्किलला हे खुशाल सांग. कळलं तरी आपल्या रीतीप्रमाणे वाढवायला घेतलेल्या मुलावर त्याला हात उचलता येणार नाही. उलट मुलाला आपल्या ताटातलं खाऊ घालावं लागेल, आणि कुऱ्हाड धरायलाही शिकवावं लागेल. रोज सकाळी त्याने त्या हाताकडे बघावं.

माझा राग तुझ्यावर नाही. तू वेळेवर ये.

बाळ सासूबाईंजवळ झोपलं आहे. बाकीचे शेतावर गेलेत. मी एकटीच दुपटी धुवायला ओढ्यावर चालले आहे.

इव्हरची बायको,
मार्सली