बाबांच्या अँपचे दोन व्हॉल्व्ह

खोडाळा, ता. मोखाडा
दि. १६ नोव्हेंबर १९९७

चि. सौ. नीतास दादाचे अनेक उत्तम आशीर्वाद.

भाऊबीजेला आईला घेऊन तुझ्याकडून निघालो तो बाबांचा गिटारचा अँप मांडीवर घेऊनच जीपमध्ये बसलो. ड्रायव्हर टपावर टाका म्हणत होता, मी साफ नाही म्हटलं. मांडीला रग लागली, पण बाबांची वस्तू सुखरूप घरी आली. आईचा खोकला आता बरा आहे. नागली झोडून झाली. तुझ्या रंजनावहिनीने तुझ्यासाठी पापड बाजूला काढलेत.

आता मुद्द्याचं. तुझ्या ओट्यावर दिपेशरावांनी बाद झालेत म्हणून पुढचे दोन छोटे काचेचे व्हॉल्व्ह बदलून गिटार माझ्या हातात दिली, तेव्हा काय आवाज निघाला ते तू ऐकलंस. बाबा ऑर्केस्ट्रात वाजवायचे तस्सा. आईने डोळ्याला पदर लावला. तोच अँप इथे लावला तर कुणी गोधडीतून बोलतंय असं वाटतं. चार संध्याकाळी लावला, चारही वेळा तेच.

मी कुणावर आळ घेत नाही, फक्त विचारतो. तू मला चहाला आत नेलंस, तेव्हा अर्धा तास अँप रेडिओदुरुस्तीच्या दुकानात दिपेशरावांपाशी होता. मी बाहेर आलो तर मागची फळी पुन्हा उघडलेली. का बरं? आमच्या शाळेचा क्लार्क पांड्या म्हणतो, जुने परदेशी व्हॉल्व्ह मुंबईचे लोक शोधत फिरतात. गिटारचा बारीक आवाज आधी हेच दोन व्हॉल्व्ह उचलतात म्हणे, म्हणजे सगळी गोडी त्यांच्यात. काढलेले जुने दोन दिपेशरावांनी पुडीत बांधून, वर माझं नाव लिहून दिले खरे. पण ते बाबांचेच कशावरून? काच ती काच, मला काय कळणार?

१४ डिसेंबरला बाबांचं वर्षश्राद्ध. त्या संध्याकाळी आईला बाबांचा आवाज घरीही ऐकवायचा, असं मी कबूल केलंय. आई रोज विचारते. तेव्हा दिपेशरावांना रागावू न देता, सहज म्हणून विचार. तुमच्या घरावर माझा लोभ आहे, तो तसाच राहावा असं उत्तर धाड.

तुझा दादा,
धर्मेंद्र


जव्हार
दि. २३ नोव्हेंबर १९९७

ती. दादास शि. सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. आळ घेत नाही असं लिहून पुढे पानभर आळच घेतलास की रे! लहानपणी पाटीवरची पेन्सिल हरवली की तू आधी माझी मूठ उघडून बघायचास. त्यातला आहेस तू.

सहज विचार म्हणालास, पण मला सहज काही जमत नाही. मी तुझं पत्रच ह्यांच्या हातात दिलं. हे हसले. फळीचा एक स्क्रू ढिला होता, जीपमध्ये खडखडला असता म्हणून उघडली म्हणाले. मग दोनच गोष्टी विचारल्या. अँप तू किती वाजता लावतोस, आणि तेव्हा घरातला बल्ब कसा जळतो. ते कळव. तोवर कुणालाही उघडू देऊ नको. वाटलं तर एका रविवारी हे स्वतः येऊन बघतील.

माझ्या अंगणवाडीत सध्या वजनं घेणं चाललंय, श्वास घ्यायला फुरसत नाही. तरी श्राद्धाला आम्ही दोघं येतोच. आईला सांग, तिच्या आवडीची चवळी आणते. वहिनीला आणि आईला नमस्कार. बहिणीवर भरवसा ठेव, एवढंच मागणं.

तुझी,
नीता


खोडाळा
दि. ७ डिसेंबर १९९७

चि. सौ. नीतास अ. उ. आशीर्वाद.

मी अँपचं विचारतो आणि दिपेशराव बल्बचं विचारतात! सातवीला विज्ञान शिकवतो मी. उत्तर नसलं की पोरं पण असंच दुसरं काहीतरी बोलतात, ते मला चांगलं ठाऊक आहे. बल्ब जळतो तसा जळतो. इथे सगळ्यांचेच तसे जळतात, त्यात विचारण्यासारखं काय?

आणि कुणाला उघडू देऊ नको, हे का? आपल्या कामाला दुसऱ्याने हात लावू नये असं ज्याला वाटतं, त्याच्याविषयी माणसाने काय समजावं? मला दोन रात्री झोप आली नाही. शेवटी गुरुवारी रजा टाकली आणि अँप घेऊन थेट नाशिक गाठलं. पांड्याने एका मेकॅनिकचा पत्ता दिला होता. त्याने अँप लावूनसुद्धा बघितला नाही. नुसती फळी काढली, आत नजर टाकली आणि जीभ चुकचुकली. म्हणाला, गुरुजी, कुणीतरी भंगार बसवून दिलंय तुम्हाला. घे नीता, ऐक!

त्याने दोन नवे व्हॉल्व्ह घातले. त्याच्या दुकानात असा खणखणीत आवाज आला की रस्त्यावरची माणसं थांबली. तुमच्याकडचे ते दोन मी मागितलेही नाहीत. कचरा घरी आणून काय करायचा?

हे सगळं लिहिताना मला आनंद होत नाही. खोडाळ्याच्या बाजारात दोघातिघांनी विचारलं, त्यांना खरं काय ते सांगितलं. श्राद्धाला तू ये. दिपेशरावांना दुकानाचं काम असेल तर ओढून आणू नकोस. तू माझी बहीण आहेस, त्यात काही बदललेलं नाही.

तुझा,
दादा


जव्हार
दि. २१ डिसेंबर १९९७

ती. दादास नमस्कार.

श्राद्धाला मी एकटी आले आणि तू ह्यांचं नावसुद्धा काढलं नाहीस. संध्याकाळी गिटार काढलीस, तर नाशिकच्या नव्या व्हॉल्व्हांचा आवाज तसाच गोधडीतला. आई थोडा वेळ बसली आणि पाणी भरायचंय म्हणून उठून गेली. हंडे तर भरलेले होते. तरी तू माझ्याकडे असा बघत होतास, जसं काही मीच पदराखाली काही लपवलंय.

आता माझं ऐक. तुझं बोलणं तुझ्या पत्राआधी जीपने जव्हारला पोचलं. परवा आमचं नेहमीचं गिऱ्हाईक रघ्या रेडिओ दुरुस्तीला देऊन गेला. ह्यांनी उघडला तर आतल्या पार्टांवर नेलपॉलिशचे ठिपके. बदलले तर कळावेत म्हणून. रेडिओ नीट केला, ठिपके तसेच ठेवले आणि परत दिला. त्या दिवशी जेवले नाहीत. ज्या माणसाने आजवर काढलेला साधा स्क्रूसुद्धा गिऱ्हाइकाच्या पुडीत बांधून परत दिला, त्याच्या वाट्याला हे यावं?

आणि खरं सांगू? मला स्वतःचीच लाज वाटते. तुझं विष माझ्याही कानात गेलं. दसऱ्याला तुझ्याकडे अँप बघून आल्यावर, दिवाळीच्या आधी एका रविवारी हे दाभोशाला सासूबाईंकडे रिकामी पिशवी घेऊन गेले होते आणि कागदात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन आले. मी विचारलं तर काही नाही म्हणाले. ते माझ्या डोक्यात घुमायला लागलं. हे अंघोळीला गेले की मी दुकानाचे खण उपसायचे. बायको असून मी नवऱ्याची झडती घेतली रे!

काही सापडलं नाही. मग मी दाभोशाला गेले. सासऱ्यांचा जुना रेडिओग्राम आहे ना, तो सहज लावला, तर गप्प. बिघडला का म्हणून विचारलं, तर सासूबाई म्हणाल्या, "त्यातल्या दोन काचा तुझ्या बापाच्या पेटीत गेल्या गं. तसल्या आता मिळत नाहीत म्हणून दिपेश घेऊन गेला."

समजलं का दादा? ते भंगार ह्यांच्या बापाचं होतं. मला सांगितलं असतं तर मी काढू दिलं नसतं, आणि तुला सांगितलं असतं तर तू उपकार म्हणून मान खाली घातली असतीस. म्हणून हे दोघांशीही बोलले नाहीत. सासूबाई संध्याकाळी त्यावर भजनं लावायच्या. आता नुसत्या पुसून ठेवतात.

ते दोन व्हॉल्व्ह परत आण. ते येईपर्यंत मला आशीर्वाद लिहू नकोस.

नीता


खोडाळा
दि. ११ जानेवारी १९९८

चि. सौ. नीतास,

आशीर्वाद लिहीत नाही, तसं तू सांगितलंस.

पत्र आलं त्याच दिवशी लाईनमन बाबल्या घरी चहाला आला होता. मी त्याला मुद्दाम बल्बचं विचारलं. त्याने मीटर काढून सॉकेटला लावलं. दोनशे तीस व्होल्टच्या जागी एकशे साठ. संध्याकाळी चक्की आणि सगळ्या गावाचे दिवे चालू झाले की रोज एवढंच येतं, त्यात कुठलाच व्हॉल्व्ह नीट तापायचा नाही, असं तो बिस्किट बुडवत म्हणाला. जव्हारला आणि नाशिकला करंट पुरा होता, म्हणून तिथे वाजला. दिपेशरावांनी नेमकं हेच विचारलं होतं. मी विज्ञानाचा मास्तर, आणि मला ती टाळाटाळ वाटली.

दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला करंट पुरा असताना अँप लावला. नाशिकचे व्हॉल्व्ह कर्कश वाजतात. त्यांच्यावरची अक्षरंही खरवडलेली आहेत, म्हणजे नवे नव्हेतच. आई आतून म्हणाली, हा तुझ्या बाबांचा नाही. मी तसाच नाशिकला गेलो. मेकॅनिकने मला ओळखच दिली नाही. कुठले व्हॉल्व्ह, असले मी कधी पाहिलेच नाहीत म्हणाला. माझ्याकडे त्याची ना पावती, ना पुडी. ज्याने पुडी बांधून दिली त्याला मी चोर म्हटलं, आणि ज्याने काहीच दिलं नाही त्याला नमस्कार करून आलो होतो.

बाजाराच्या दिवशी मी जीप उभ्या राहतात तिथे उभा राहिलो. जो भेटेल त्याला सांगितलं, मी चुकलो, दिपेशराव सरळ माणूस आहे, चूक माझी. सगळ्यांनी मान डोलावली. पांड्या मला बाजूला घेऊन हळूच म्हणाला, गुरुजी, बहिणीचा संसार आहे, आम्ही समजतो. काय सांगू तुला, नीता? आळ घेतला तेव्हा सगळ्यांनी लगेच खरा मानला. आता खरं सांगतोय, तर तुझ्यासाठी खोटं बोलतोय असं समजतात.

दिपेशरावांसमोर कोणत्या तोंडाने येऊ, ते तूच सांग. सासूबाईंची क्षमा माझ्या वतीने माग. पत्राच्या शेवटी काय लिहायचं तेही आता सुचत नाही.

धर्मेंद्र


जव्हार
दि. २० जानेवारी १९९८

ती. दादास शि. सा. न.

तुझं पत्र मी ह्यांना वाचून दाखवलं. बाजारातला भाग आला तेव्हा ह्यांनी हातातलं काम खाली ठेवलं. म्हणाले, दादाला म्हणावं, आता कुणाला काही सांगत बसू नका. जेवढं सांगाल तेवढं लोक बोलतील.

सासूबाईंना मी सगळं सांगितलं. त्या रडल्या नाहीत. तुझ्या आईला एकदा दाभोशाला घेऊन ये म्हणाल्या, दोघी म्हाताऱ्या बोलत बसू. आईला नक्की आण.

अँप घेऊन ये. बाबांचे जुने दोन आणि तू नाशिकहून आणलेले दोन, चारही बरोबर घे. हे म्हणतात, बाबांच्यातला एक अजून थोडा जिवंत आहे, दुसऱ्याचं काहीतरी बघतो. करंट वाढवायचा ट्रान्सफॉर्मर पण ह्यांनी तुझ्यासाठी तार गुंडाळून तयार करून ठेवलाय. अँप पहिल्यासारखा वाजणार नाही, पण आईला ओळखू येईल एवढा वाजेल.

एक सांगायचं राहिलं. आमच्याकडे गिऱ्हाईक सेट टेकवून खुशाल बाजाराला जायचं, संध्याकाळी येऊन घेऊन जायचं. आता हे कुणालाही जाऊ देत नाहीत. दारात एक स्टूल ठेवलंय. ज्याची वस्तू, त्याने समोर बसून बघायचं, त्याशिवाय हे स्क्रू काढत नाहीत. तू घरचा आहेस, तुला आत चहाला नेते असं मी म्हटलं. हे नाही म्हणाले. तुझा चहा मी स्टुलावरच आणून देईन.

वहिनीला आणि आईला नमस्कार. लवकर ये.

तुझी,
नीता